कोकणातल्या घरात पोल डान्सचा सराव: पोल शोधण्याआधी छताकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणजवळच्या वाडीत घर आहे. ओटी आणि माजघर जुनं कौलारू, मागे पंचवीसेक वर्षांपूर्वी बांधलेली स्लॅबची खोली, उंची साडेनऊ फूट. वजन ६२ किलो. मुंबईत सहा महिने वर्गात पोल डान्स, म्हणजे उभ्या धातूच्या खांबावरच्या कसरती, शिकलात, आता गावी आहात आणि घरीच सराव चालू ठेवायचा आहे. ऑनलाइन मिळणारा स्वस्त पोल घ्यावा का, कोणता धातू, किती जाडीचा, आणि हात सारखे घसरतात त्याला काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

सगळे जण सुरुवात पोलपासून करतात आणि छताचा विचार शेवटी करतात. मी उलट्या क्रमाने सांगते, कारण घरी पोल क्वचितच मोडतो. तो सुटतो. कुठे टेकवला आहे तिथून सुटतो, नाहीतर हातातून सुटतो, आणि कोकणात दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: ओल.

आधी पोल उभा कशावर राहतो ते समजून घ्या. घरी बहुतेक जण ताणाचा पोल वापरतात. त्यात खाली जॅकसारखा स्क्रू असतो. तो फिरवला की पोल लांब होतो आणि जमीन व छत यांच्यामध्ये घट्ट अडकून बसतो. छताला भोक पडत नाही. म्हणजे पोलच्या वरच्या टोकाची, छताला टेकणारी रबर लावलेली तबकडी फक्त घर्षणावर उभी असते. समजा तुम्ही साडेसहा फुटांवर पकड घेऊन फिरकी मारली आणि पोलवर आडवी ओढ ४० किलोची आली. साडेनऊ फुटांच्या पोलवर त्यातले सुमारे २७ किलो वरच्या टोकाला सोसावे लागतात. रबर कोरड्या, टणक रंगावर असेल तर त्यासाठी ४५-५० किलोचा दाब पुरतो. तेच रबर बोटाला पांढरी पूड लागणाऱ्या जुन्या डिस्टेंपरवर असेल तर दुप्पट दाब देऊनही भरवसा नाही, कारण घसरतं ते रबर नसतं, रंगाचा थर घसरतो. आणि झटक्याने खाली येण्याच्या प्रकारांत ओढ वजनाच्या कित्येक पट होते.

आता तुमचं छत. कौलारू भागात ताणाचा पोल लावायचा नाही, यात जर-तर नाही. कौलं, रीप आणि वासे वरून येणारं वजन पेलायला बसवलेले असतात. खालून वर रेटा दिला तर वासा उचलला जातो, कौलं सरकतात, आणि पोलला टेकायला घट्ट असं काही उरतच नाही. माळ्याच्या फळ्यांचंही तेच. जाड तुळईच्या बरोबर खाली पोल येत असेल तर विचार करता येतो, पण जुन्या तुळईला आतून वाळवी लागली आहे का हे सुताराने टोचून पाहिल्याशिवाय नाही. पीओपी किंवा जिप्समचं खोटं छत असेल तर तेही बाद.

राहिली स्लॅबची खोली. स्लॅब म्हटलं की लोक निश्चिंत होतात, पण समुद्राजवळचा पंचवीस वर्षांचा स्लॅब नीट बघावा लागतो. खारी हवा आणि गळतीचं पाणी आतल्या सळ्यांपर्यंत पोचलं की सळी गंजते, गंजून फुगते, आणि खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटायला लागतं. खालून गिलावा साबूत दिसतो, पण आत पोकळी असते. तेव्हा शिडीवर चढा आणि जिथे पोल लावायचा तिथे दोन फुटांच्या वर्तुळात नाणं ठोकत फिरा. टणटणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, तांबूस ओघळ दिसला, सळीच्या रेषेत सरळ चीर दिसली किंवा पावसाळ्यात तिथे ओल धरत असेल तर ती जागा सोडा. अशी लक्षणं खोलीभर असतील तर पोल राहू द्या, आधी स्लॅब इंजिनियरला दाखवा. तो प्रश्न घराचा आहे.

जागा चांगली निघाली तर तिथला सुटा रंग खरवडून काढा, ओल्या फडक्याने पुसा, दोन दिवस वाळू द्या. तेवढ्याच भागावर प्रायमर आणि ऑइल पेंटचा एक हात दिला तर तबकडीला धरायला टणक पृष्ठभाग मिळतो. पेंट पुरता सुकायला आठवडा द्या. अर्ध्या सुकलेल्या रंगात तबकडी रुतते आणि ताण उतरतो.

जमिनीकडेही तसंच बघा. पोलखालची फरशी ठोकून पाहा. खाली मसाला नीट भरलेला नसेल तर दाबाने ती तडकते. कोबा उत्तम. पोलच्या तळाखाली सतरंजी, योगा मॅट, रबरी चटई काहीही घालायचं नाही. तुम्ही वर चढता तेव्हा तुमचं सगळं वजन पोलमधून खाली दाबतं. खालचा मऊ थर तेवढा दबतो आणि नेमका त्याच क्षणी वरचा ताण कमी होतो. पोल सुटण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि ज्यांच्याकडे असं होतं त्यांनी ती चटई फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणूनच घातलेली असते.

आपल्याकडच्या खोल्यांत आणखी एक अडचण असते ती पंख्याची. खोलीच्या मधोमध पंखा, आणि पोलही मधोमधच हवा. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट पसरतं. उलटं झाल्यावर तुमचे पाय पोलपासून चार-पाच फूट बाहेर जातात. म्हणजे पोल आणि पंख्याचा मध्य यांत किमान सात फूट हवेत, आणि एवढी मोठी खोली सहसा नसते. पंखा काढून भिंतीवरचा लावा. ‘सरावाच्या वेळी बंद ठेवू’ हे चालणार नाही, बंद पात्यावर पाय आपटला तरी घोटा सुजतो आणि पातं वाकतं. पोलपासून सगळ्या बाजूंनी पाच फूट मोकळे हवेत. कपाटाचा कोपरा, खिडकीचा गज, टीपॉय काही मध्ये नको.

उंचीबद्दल. घरगुती ताणाचे पोल मूळ सेटमध्ये साधारण साडेसात ते नऊ फुटांपर्यंत जातात. तुमची उंची साडेनऊ, म्हणजे जोडतुकडा वेगळा घ्यावा लागेल. तो त्याच कंपनीचा, त्याच जाडीचा आणि त्याच धातूचा हवा. बहुतेक पोलमध्ये तो वरच्या टोकाला बसतो, म्हणजे सांधा अंगाखाली येत नाही. खालचा जॅक शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर काढून उंची गाठायचा मोह टाळा. स्क्रूचा जितका भाग आत राहील तितका पोल ताठ राहतो. कंपनीने त्यावर कमाल खूण दिलेली असते, तिच्यापुढे जायचं नाही.

जाडी कोणती? ४५ मिलिमीटर घ्या. स्पर्धांतही हीच चालते, आणि बहुतेक वर्गांत हीच असते, तेव्हा मुंबईत तुमच्या हाताला हीच सवय झालेली असणार. एकदा तिथल्या शिक्षकांना विचारून खात्री करा. हात फार लहान असतील तर ४० किंवा ४२ ची बोटांची पकड सोपी वाटते, पण पोटरीत किंवा मांडीत धरताना बारीक पोल जास्त रुततो आणि दुखतो. ५० मिलिमीटरचे जुने पोल स्वस्तात मिळतात. ते घेऊ नका, लवकर हात भरून येतात.

धातूच्या बाबतीत कोकणाचं गणित पुण्याहून वेगळं आहे. क्रोमचा पोल सगळीकडे सहज मिळतो आणि पकडही चांगली देतो, पण तो लोखंडावरचा मुलामा असतो. अंगठी-बांगडीचा एक बारीक ओरखडा पडला की खाऱ्या हवेत तिथे तांबडा ठिपका उठतो आणि हळूहळू पापुद्रा सुटतो. ती कड पुढे मांडी कापते. स्टेनलेस स्टील गंजायला सगळ्यात कमी, काळजी कमी, पण घामट हाताला थोडं निसरडं. पितळ घामट हातांना आणि उकाड्याला सगळ्यात चांगलं धरतं. ते काळवंडतं, मऊ असल्याने ओरखडे लवकर धरतं, पण गंजत नाही. फक्त पितळी नळी आहे की लोखंडावर पितळेचा मुलामा, हे घेताना विचारा. मुलामा असेल तर क्रोमचेच दोष येतात. पावडर कोटिंगचा पोल दमट हवेत झकास धरतो, पण त्यावरून सरकत खाली येताना कातडी भाजल्यासारखी सोलते, आणि कोटिंगचा टवका उडाला की आत गंज. सिलिकॉनचा पोल कपडे घालून वर्कआउट करण्यासाठी असतो. त्यावर फिरक्या नीट येत नाहीत, तेव्हा तुमच्या कामाचा नाही.

तुमचे हात घसरतात असं तुम्ही लिहिलंय, घर खाडीजवळ आहे. मी तुमच्या जागी ४५ ची पितळी नळी घेईन. देखभालीला वेळ देणं जमणार नसेल तर स्टेनलेस. निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे खोटे कानातले घातले की कान चिघळत असतील, तर क्रोम घेऊ नका.

आता तो स्वस्त पोल. तो चार-पाच तुकड्यांचा असतो. प्रत्येक सांधा हलतो, प्रत्येक सांध्यावर कातडी चिमटते, आणि नळीची जाडी कुठे लिहिलेली नसते. वजन बघा: अख्खा पोल बारा-तेरा किलोच्या आत असेल तर नळी पातळ आहे. त्यावर टेकून व्यायाम होईल, पण उलटं लटकू नका. अनेक जण म्हणतात, आमच्या ओळखीचा फॅब्रिकेटर आहे, त्याच्याकडून करून घेऊ. हे जमू शकतं, पण काय मागायचं ते माहीत हवं. रेलिंगची नळी नको. ती दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटर, आणि नळीची भिंत जेमतेम सव्वा मिलिमीटर. स्टेनलेसचा सव्वा इंची शेड्यूल ४० चा पाइप मागा (शेड्यूल म्हणजे पाइपच्या भिंतीच्या जाडीचं माप). त्याचा बाहेरचा व्यास ४२ मिलिमीटर आणि भिंत साडेतीन मिलिमीटर असते, आणि रेलिंगच्या नळीपेक्षा तो तिपटीहून जास्त ताठ असतो. स्टेनलेसची ग्रेड ३०४ घ्या, घर समुद्राला लागून असेल तर ३१६. लोहचुंबक चिकटला नाही म्हणून ३०४ आहे असं समजू नका, २०२ ग्रेडलाही चिकटत नाही आणि ते आपल्या हवेत गंजतं. गिऱ्हाईक म्हणून बिलावर ग्रेड लिहून मागा. वेल्डची शिवण पूर्ण घासून सपाट हवी, आणि पॉलिशचं मेण स्पिरिटने उतरवल्याशिवाय पोल हातात धरायचा नाही. असा पोल वर-खाली चार-चार अँकर बोल्टनी पक्का बसवावा लागतो, बोल्ट गिलाव्यात नाही तर काँक्रीटमध्ये धरलेले हवेत, आणि पंख्याच्या डब्यातून भिंतीकडे जाणाऱ्या वायरिंगच्या रेषेत ड्रिल लावायचं नाही. हा पोल स्वतःभोवती फिरणारा होत नाही, स्थिरच राहतो. घरी शिकायला स्थिर पोलच बरा, त्यामुळे हे काही नुकसान नाही.

खळ्यात मल्लखांबासारखा पोल पुरता येईल का, असाही एक ओझरता प्रश्न तुम्ही टाकलाय. नाही. मल्लखांब लाकडी असतो आणि बुंध्याला जाड, वर निमुळता होत जातो, आणि ते सौंदर्यासाठी नाही. वर कुठलाही आधार नसलेल्या खांबावर सगळा मोड बुंध्याशी येतो. ४२ मिलिमीटरचा पाइप जमिनीत तीन फूट काँक्रीटमध्ये पुरला, तरी वरच्या टोकाला ४० किलोची आडवी ओढ आली की तो जमिनीलगत कायमचा वाकतो. शिवाय पुरलेली जागा पावसात भिजत राहते. कौलारू भागातच सराव करायचा असेल तर स्वतःच्या जड, रुंद बैठकीवर उभा राहणारा पोल मिळतो. बैठक चार-पाच फूट रुंद असते, आडवं-उभं सगळं वजन तीच घेते. महाग आहे, थोडा डुलतो, आणि त्याला वर दहा फुटांच्या आसपास मोकळी उंची लागते. पडवीत बसणार नाही, माळा नसलेल्या माजघरात आढ्याखाली बसेल. शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्याचे पाय आधी पाणसळीला आणावे लागतात.

बसवण्याची रीत एकदा सावकाश करा. जिथे तबकडी येणार तिथेच उंची मोजा, खोलीच्या कोपऱ्यात मोजलेली उंची चालत नाही, जुन्या घरात इंच-दीड इंचाचा फरक सहज निघतो. छतावरून ओळंबा सोडा आणि खाली खडूने फुली मारा. पोल जोडून फुलीवर उभा करा, हाताने आवळा, दोन बाजूंनी पाणसळ लावून सरळ करा, मग पान्याने ताण द्या. कंपनीने जितके आटे सांगितले तितकेच. जास्त आवळलं तर छताचा गिलावा फुटतो. तबकडीभोवती पेन्सिलने गोल आखून ठेवा. दुसऱ्या दिवशी परत आवळा, कारण रंग आणि रबर रात्रीत थोडे दबतात. मग दर वेळी सरावाआधी तीन गोष्टी: तबकडी पेन्सिलच्या गोलातच आहे का, पोल सरळ आहे का, आणि डोक्याएवढ्या उंचीवर दोन्ही हातांनी जोरात ढकलल्यावर वर काही हलतं का. स्थिर आणि फिरता अशा दोन्ही प्रकारांत चालणारा पोल असेल तर फिरणं रोखणारे कुलपाचे स्क्रू ॲलन कीने तपासा. अर्धवट आवळलेला स्क्रू मध्येच सुटतो आणि स्थिर समजून घेतलेली पकड एकदम फिरायला लागते.

हात घसरण्याबद्दल. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. घाम सुकतच नाही, त्यावर कुठलीही क्रीम उपाय नाही. खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर आधी लावा आणि दार बंद ठेवा. दार उघडून दमट हवा आत आली की गार पोलवर दव धरतं, डोळ्यांना दिसत नाही पण हाताला कळतं. एसी नसेल तर भिंतीवरचा पंखा थेट पोलवर सोडा. दर दोन-तीन प्रकारांनी स्पिरिट लावलेल्या सुती फडक्याने पोल पुसा, आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने हात. जिममध्ये मिळणारा द्रव खडू (लिक्विड चॉक) तळहाताला चालतो. चिकट ग्रिप, म्हणजे पकडीसाठी हाताला लावायची चिकट द्रव्यं, मात्र घामात गिळगिळीत होतात, त्या हिवाळ्यात कोरड्या हातांना. राळ धातूवर लावू नका, काळा थर बसतो आणि खरवडूनही निघत नाही.

आणि खोबरेल. अंगाला, केसांना तेल लावायची आपली सवय आहे, पण आदल्या रात्री मांड्यांना लावलेलं तेल सकाळच्या आंघोळीनंतरही पोलवर उतरतं. सरावाच्या आदल्या दिवसापासून अंगाला तेल, लोशन, काही नाही. केस बांधून कापडाखाली. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र, पैंजण, जोडवी काढून ठेवायची, पोलसाठी आणि तुमच्या बोटांसाठीही. कपडे तोकडे लागतात ते दाखवायला नाही, मांडी, गुडघ्यामागची खोबण, काख आणि पोट यांची कातडी धातूला चिकटते म्हणून. घरात कोणी विचारलं तर मल्लखांबवाले लंगोट का घालतात ते सांगा, लगेच पटतं.

पितळ काळवंडलं तर आमसुलाच्या पाण्याचं फडकं पिळून फिरवता येतं, पण पाणी सांध्यात उतरू देऊ नका आणि लगेच कोरडं करा. बाजारातलं पितळेचं पॉलिश वापरलंत तर त्याची निसरडी साय राहते, ती स्पिरिटने दोनदा उतरवा. पावसाळ्यात आठवडाभर सराव होणार नसेल तर पोल उतरवून सांधे पुसून कापडात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये नको, आत घाम धरतो.

खाली गादी हवीच. जाडी चार-पाच इंच, रुंदी पाच फूट, मधोमध पोलपुरती खाच. कापसाची गादी आणि पलंगाची गादी दोन्ही नको. एक आपटून जमीन लागते, दुसरीत पाऊल रुतून घोटा मुरगळतो. गादीवाल्याकडून खाली दोन इंच रिबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून केलेला टणक थर) आणि वर दोन-तीन इंच ४० डेन्सिटीचा फोम, वर रेक्झिनचं खोळ, अशी शिवून घ्या. गोल नसली तरी चालते, दोन अर्ध्या चौकोनांना वेल्क्रो लावला की पुरतं. फिरक्यांच्या वेळी ती बाजूला, उलटं होताना जागेवर.

सरावाबद्दल थोडंच लिहिते, पाया तुमचा झालेला आहे. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, त्यातली पंधरा मिनिटं खांदे, मनगटं आणि कंबर तापवायला. स्नायू दोन महिन्यांत तयार होतात, कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) त्याहून बराच वेळ लागतो, म्हणून आठवड्यातून पाच दिवस केलेल्यांचं कोपर आतल्या बाजूने दुखायला लागतं. प्रत्येक प्रकार दोन्ही बाजूंनी. उलटं होणं तेव्हाच, जेव्हा उडी न मारता, गुडघे छातीशी घेऊन, पाय जमिनीवरून उचलता येतात आणि पाच आकडे मोजत तितक्याच सावकाश खाली ठेवता येतात. उडी मारून उलटं होणारा माणूस वर गेल्यावर थांबू शकत नाही. मनगट पिळून घ्यायची पकड शिक्षक समोर असल्याशिवाय नको. आणि घरात दुसरं माणूस नसेल त्या दिवशी पाय डोक्याच्या वर न्यायचे नाहीत, फिरक्या आणि चढणं पुरे.

तुम्ही आत्ता मे महिन्यात विचारताय. स्लॅब कोरडा दिसण्याचे हेच दिवस आहेत, म्हणून पोल मागवण्याची घाई करू नका. जून-जुलैत छत कसं राहतं ते पाहा, ओल धरते तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा. गणपतीनंतर उंची तीन ठिकाणी मोजून आणि त्या खुणा बघून मला लिहा, मग जोडतुकडा किती इंचांचा घ्यायचा ते नक्की करू.